वेटिंगमधल्या पेशंटकडे पुन्हा जाताना

इमर्जन्सीत नव्याने रुजू झालेल्यांना ट्रायाज, म्हणजे कुणाला आधी बघायचं हे ठरवणारी पहिली तपासणी, नीट शिकवतात. ट्रायाज होऊन पेशंट बाकावर जाऊन बसला की पुढे काय, हे मात्र बहुतेक जण ड्युटी करता करताच शिकतात. त्याला तातडीनुसार मिळालेला रंग तपासणीच्या त्या चार मिनिटांपुरता खरा असतो. आजार काही रंग बघून थांबत नाही.

कॅनडाच्या ट्रायाज पद्धतीत पुन्हा तपासायच्या वेळाच ठरवून दिल्या आहेत: पहिल्या, म्हणजे सर्वांत गंभीर पातळीवर सतत लक्ष, दुसरीला 15 मिनिटं, तिसरीला 30, चौथीला एक तास, पाचवीला दोन तास. गर्दीत हे सगळं पाळणं जमतंच असं नाही. मग निदान दुसऱ्या-तिसऱ्या पातळीचे पेशंट तरी चुकवू नका. आणि काउंटरवरून मान उंचावून बघणं म्हणजे तपासणी नव्हे. जवळ जा, बोला, हात लावा. हात गार आणि घामेजलेला आहे हे लांबून कळत नाही.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. नाडी धरल्याचं दाखवून मोजलात तर पेशंट मुद्दाम श्वास सावरत नाही. रजिस्टरात ओळीने सगळ्यांचा श्वास 18 दिसला, तर तो कुणीच मोजलेला नाही असं खुशाल समजा. प्रकृती ढासळायला लागली की बऱ्याचदा श्वास आधी वाढतो. बीपीवर विसंबू नका. आतून रक्तस्राव होत असला तरी रक्तवाहिन्या आकसतात, हृदय जोरात धावतं आणि बीपी बराच वेळ टिकून राहतं. लहान मुलांत आणि तरुणांत तर ते अगदी शेवटी कोसळतं.

म्हणून आकडा एकटा वाचायचा नाही, मागच्या आकड्याशेजारी ठेवून वाचायचा. समजा, आला तेव्हा पल्स 84, वरचं बीपी 130. तासाभराने पल्स 112, बीपी 112. सुटे बघितले तर दोन्ही आकडे फारसे घाबरवत नाहीत. पण पल्सला बीपीने भागा: 0.65 वरून थेट 1, म्हणजे प्रकृती ढासळतेय. डॉक्टरांना फोन करताना ‘पेशंट बरा वाटत नाही’ असं मोघम सांगू नका, हे आधीचे आणि आताचे आकडे सांगा, फरक पडतो. बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी ठेवणारी गोळी) घेणाऱ्याची पल्स मात्र बऱ्याचदा वाढत नाही, त्यामुळे चालू गोळ्या विचारून ठेवा.

छातीत दुखणाऱ्याचा पहिला ईसीजी 10 मिनिटांत हवा, हे सगळ्यांना पाठ असतं. तो नॉर्मल आला म्हणून विषय मिटत नाही. दुखणं चालूच असेल किंवा पुन्हा उठलं, तर 15 ते 30 मिनिटांनी परत काढावा लागतो.

आरडाओरडा करणाऱ्याकडे लक्ष आपोआप जातं. मला धास्ती असते ती मघाशी कण्हणाऱ्या आणि आता गप्प झालेल्याची. दम्याच्या पेशंटची घरघर थांबली, तर तो सुधारला की हवाच आत जाईनाशी झाली, हे स्टेथोस्कोप लावल्याशिवाय ठरवू नका. आणि ‘सिस्टर, हे एरवी असं बोलत नाहीत हो’ असं नातेवाईक म्हणाले तर ती कटकट समजू नका. न्यूज-2 या प्रकृती किती ढासळली हे गुणांत मोजणाऱ्या 2017 च्या पद्धतीत (गुण जास्त तितका धोका जास्त) नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला एकट्यालाच 3 गुण आहेत.

प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहा. नाव पुकारलं आणि खुर्ची रिकामी दिसली, तर ‘निघून गेला’ असं लिहिण्याआधी टॉयलेटचं दार ठोठावा.