कोरड्या खोकल्याचे सिरप चिठ्ठीशिवाय घेताना

मेडिकलमध्ये ‘खोकल्याचं औषध द्या’ एवढेच सांगितल्यावर जी बाटली हाती पडते, ती खोकला दाबणारी असू शकते किंवा कफ पातळ करून बाहेर काढणारी असू शकते, आणि या दोन औषधांची कामे परस्परविरुद्ध आहेत. त्यामुळे आधी आपला खोकला कोणता ते ओळखावे. घसा खवखवून कोरडी ढास लागते, बेडका पडत नाही आणि रात्रीची झोप मोडते, अशा वेळी खोकला दाबणारे औषध थोडे दिवस घेता येते. त्याने आराम पडतो तोही बेताचाच. छातीत कफ घरघरत असेल तर खोकला दाबू नये, कारण तो कफ बाहेर टाकण्याचा शरीराचा मार्गच खोकला हा असतो. दम्याच्या रुग्णांनी आणि धूम्रपानामुळे जुनाट खोकला असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध घेऊच नये. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्यांना त्या गोळीमुळेच कोरडा खोकला लागू शकतो. तिथे सिरपचा उपयोग होत नाही, डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी लागते.

बाटलीवरचे नाव नव्हे, मागच्या बाजूचे बारीक अक्षर वाचावे. एकाच नावापुढे दोन-तीन अक्षरे जोडून वेगवेगळ्या घटकांची सिरपे विकली जातात. खोकला दाबणारा नेहमीचा घटक म्हणजे डेक्स्ट्रोमेथॉर्फन. त्याच्यासोबत क्लोरफेनिरामाइन असेल तर गुंगी येते, म्हणून ते घेऊन गाडी चालवू नये आणि त्यावर मद्य तर मुळीच घेऊ नये. फिनाइलेफ्रिन असेल तर रक्तदाब वाढू शकतो. सर्दीच्या गोळीत आणि सिरपमध्ये हेच घटक पुन्हा असतात, त्यामुळे दोन्ही एकत्र घेतल्यास नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. मधुमेह असेल तर साखरविरहित सिरप मागावे.

मात्रेचा हिशेब स्वतः करून पाहण्यासारखा आहे. प्रौढांसाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फनची दिवसाची कमाल मर्यादा १२० मिलिग्रॅम मानली जाते. समजा लेबलवर ‘प्रत्येक ५ मिलीमध्ये १५ मिलिग्रॅम’ असे लिहिले आहे, तर ४० मिलीतच ती मर्यादा गाठली जाते, आणि १०० मिलीच्या बाटलीत अडीच दिवसांचे औषध असते. लेबलवर याहून कमी मात्रा सांगितली असेल तर तीच पाळावी, कारण सोबतच्या घटकांनाही आपापली मर्यादा असते. स्वयंपाकघरातले चमचे लहानमोठे असतात. मात्रा बाटलीसोबतच्या खुणांच्या झाकणानेच मोजावी. ढास थांबली नाही म्हणून वेळेआधी दुसरी मात्रा घेऊ नये आणि बाटली तोंडाला तर कधीच लावू नये.

नैराश्यासाठी किंवा चिंतेसाठी फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम यांसारख्या गोळ्या चालू असतील तर ते औषधविक्रेत्याला न संकोचता सांगावे. डेक्स्ट्रोमेथॉर्फनशी त्यांचा संयोग झाल्यास घाम, थरथर, धडधड, ताप आणि गोंधळलेपण अशी गंभीर स्थिती उद्भवू शकते. एमएओ इनहिबिटर गटातली औषधे (नैराश्य किंवा पार्किन्सनच्या आजारावर दिली जाणारी काही औषधे) घेत असताना, आणि ती बंद केल्यावरही १४ दिवस, हे सिरप पूर्णपणे वर्ज्य आहे.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र अजिबात सैलपणा नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या सिरपमुळे वीसहून अधिक मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावली. त्यांतील अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले होते. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच ऑक्टोबरमध्ये दिलेल्या सूचनेनुसार दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती साधारणतः योग्य नाहीत. शुद्ध सिरपसुद्धा या वयात धोक्याचे ठरू शकते, म्हणून मोठ्या भावंडाची उरलेली बाटली अर्धा चमचा करून धाकट्याला पाजणे हा उपाय नव्हे. एक वर्षावरील मुलाला झोपताना थोडा मध देता येतो. एक वर्षाखाली मधही देऊ नये. सिरप दिल्यानंतर मुलाला उलट्या होऊ लागल्या, ते सुस्त झाले किंवा त्याची लघवी कमी झाली, तर सकाळपर्यंत थांबू नये.

मोठ्यांनीही आठवडाभरात फरक पडला नाही तर बाटली बदलत बसू नये. दोन आठवड्यांवर टिकलेल्या खोकल्यात क्षयरोगाची शंका घेऊन थुंकीची तपासणी करावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. खोकल्यातून रक्त पडणे, धाप लागणे, छातीत दुखणे किंवा वजन घटणे यांपैकी काहीही असल्यास त्या दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये. चुकून जास्त औषध पोटात गेले आणि झोक जाऊ लागले, भास होऊ लागले किंवा श्वास मंदावला, तर उलटी करवण्याचा प्रयत्न न करता १०८ ला फोन करावा आणि रुग्णालयात जाताना ती बाटली सोबत न्यावी, म्हणजे कोणता घटक किती गेला हे डॉक्टरांना लगेच कळते.