चमकीच्या रंगाशिवाय पोलाद आणि सोनं: मिनिएचरवर धातू कसा उभा करायचा

पॅलेटवर करडा रंग काढण्याआधी पेन्सिल घ्या. कागदावर तुमच्या शिलेदाराचं, म्हणजे जी छोटी मूर्ती (मिनिएचर) रंगवायची आहे तिचं, ओबडधोबड चित्र काढा: शिरस्त्राण, खांद्याची कवचं, छाती, तलवार. एका कोपऱ्यात सूर्य काढा आणि प्रत्येक भागावर सगळ्यात लख्ख उजेड कुठे पडेल तिथे फुली मारा. एनएमएम (नॉन-मेटॅलिक मेटल) म्हणजे धातूची चमकी नसलेल्या साध्या मॅट रंगांनी धातूचा आभास करण्याची रीत, आणि तिचं निम्मं काम या कागदावरच होऊन जातं. लोक मला विचारतात, "करडा कुठला वापरता?" मी उलट विचारतो, "उजेड कुठून येतोय?" त्याचं उत्तर ठरलेलं नसेल तर कितीही महागाची बाटली आणा, चिलखत सिमेंटचंच दिसणार.

कारण सोपं आहे. कापड, चामडं, लाकूड प्रकाश चहूकडे विखरून टाकतात, म्हणून त्यांच्यावर उजेडाकडून सावलीकडे हळुवार उतार दिसतो. लख्ख घासलेला धातू समोरचं जसंच्या तसं परतवतो. समोर दिवा असेल तिथे पांढरा, समोर अंधारा कोपरा असेल तिथे जवळपास काळा, आणि हे दोन्ही अगदी खेटून. स्टीलचा चमचा दिव्याखाली धरा आणि त्यातला सगळ्यात गडद भाग शोधा. तो किती गडद आहे हे बघून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. आणखी एक बघून ठेवा: चमच्याच्या फुगीर बाजूवर दिव्याचा ठिपका वरच्या अंगाला असतो, खोलगट बाजू पुढे केली की तो खालच्या अंगाला जातो. ढालीची आतली बाजू रंगवाल तेव्हा याची गरज पडेल.

चमकीचे रंग कमअस्सल आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यांच्यातले अभ्रकाचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण खोलीतला खरा उजेड परतवतात, आणि अख्खी फौज उभी करायची असेल तर मी खुशाल तेच लावतो. पण ३२ मिलिमीटरच्या शिलेदारावर तो उजेड खोलीचा असतो, त्याच्या रणांगणाचा नसतो. एनएमएममध्ये उजेड तुम्ही ठरवता. त्याची किंमत अशी की मूर्ती एकाच बाजूने सर्वांत चांगली दिसते. मागून बघणाऱ्याला थोडी तडजोड करावी लागते. हा हट्ट जुनाच आहे म्हणा. १४३५ साली इटलीतल्या लिओन बात्तिस्ता अल्बेर्तीने चित्रकारांना हेच सांगितलं होतं, की सोन्याचा वर्ख चिकटवण्यापेक्षा साध्या रंगांतून सोन्याची झळाळी दाखवण्यात जास्त कौतुक आहे.

आकार ओळखा

चिलखताचा कुठलाही तुकडा चार-पाच मूळ आकारांत बसतो, आणि प्रत्येक आकाराचा उजेड ठरलेला असतो.

गोल, म्हणजे खांद्याचं कवच किंवा गुडघ्याची वाटी. लख्ख ठिपका वर, उजेडाच्या बाजूला. त्याच्याभोवती छटा झपाट्याने उतरते. सगळ्यात काळा पट्टा मध्याच्या जरा खाली येतो, अगदी तळाशी नाही. तळाच्या कडेला जमिनीवरून उसळलेल्या उजेडाची एक बारीक, मंद चंद्रकोर राहते. ही चंद्रकोर विसरलात तर कवच गोल न दिसता चपटं दिसतं.

नळकांडं, म्हणजे दंड, मनगट, पिंडरी, भाल्याचा दांडा. इथे ठिपका नाही, लांबीच्या दिशेने पट्टा: पांढरा, मग एकदम काळा, मग पलीकडच्या कडेला पुन्हा थोडा उजेड. शिरस्त्राण टोकदार असेल तर तो शंकू. पट्टे तेच, फक्त टोकाकडे निमुळते होत एकत्र येतात.

सपाट भाग सगळ्यात फसवे. सपाट पत्र्यावर निसर्गतः फार काही दिसत नाही, म्हणून आपण मुद्दाम एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरपा उतार देतो, आणि शेजारच्या पत्र्यावर तो उलटा करतो. तलवारीचं पातं याचा उत्तम नमुना. पात्याच्या मधल्या शिरेच्या एका अंगाला अणीकडे उजळ आणि मुठीकडे गडद असा उतार घ्या, दुसऱ्या अंगाला बरोबर उलटा. म्हणजे शिरेच्या दोन्ही बाजूंना सगळीकडे उजळाशेजारी गडद येतं आणि पातं धारदार दिसायला लागतं. तरी तलवारीने सुरुवात करू नका असंच मी सांगेन. गुळगुळीत लांब उतार नवख्या हाताला जड जातो. खांद्याचं कवच आधी घ्या: लहान आहे, गोल आहे, आणि बिघडलं तर परत रंगवायला फार वेळ लागत नाही.

कागदावर उजेड ठरवणं जमतच नसेल तर प्रायमरची, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराची, मदत घ्या. आधी सगळीकडे काळा, मग वरून ४५ अंशाच्या कोनातून पांढऱ्याचा हलका फवारा. फवारा जिथे बसला तिथे उजेड. किंवा काळा प्रायमर दिलेल्या मूर्तीवर ग्लॉस व्हार्निश मारून ती एका दिव्याखाली ठेवा, फोटो काढा आणि पुन्हा मॅट प्रायमर द्या. तो फोटो रंगवताना समोर असू द्या.

पोलाद

तीन बाटल्या पुरतात: काळा, गडद निळा, पांढरा. निव्वळ काळ्या-पांढऱ्याचा करडा निर्जीव दिसतो; त्यात निळ्याचा थेंब पडला की पोलादाचा गारवा येतो. यांतून पाच छटा कालवा. पहिली निळसर काळी, पाचवी शुद्ध पांढरी, मधल्या तीन टप्प्याटप्प्याने.

सगळा भाग दुसऱ्या छटेने भरा. रंगाला साधारण तेवढंच पाणी, दोन पातळ थर. मग उतार गुळगुळीत करण्याच्या भानगडीत न पडता पाचही छटा आपापल्या जागी ठोकळ्यांसारख्या बसवा. पांढरासुद्धा आत्ताच लावा. या टप्प्यावर मूर्ती भयाण दिसते, दिसू द्या. हातभर लांब धरून, डोळे बारीक करून बघा. तेवढ्यानेही धातू वाटत असेल तर आराखडा बरोबर आहे. वाटत नसेल तर आत्ताच हलवा, कारण पुढचे ग्लेझ, म्हणजे पाणी घालून अगदी पातळ केलेल्या रंगाचे थर, चुकीच्या जागचा उजेड बरोबर करत नाहीत, फक्त जास्त गुळगुळीत करतात.

आता ग्लेझ. एक भाग रंगाला चार ते पाच भाग पाणी. ब्रश बुडवा आणि टिश्यूवर नीट टिपा. मूर्तीवर टेकवल्यावर डबकं साचता कामा नये, फक्त ओलसर रेघ उठावी. ब्रश जिथे उचलता तिथे रंगाचे कण जास्त बसतात. म्हणून गडद ग्लेझ ओढताना हात सावलीकडे जाऊ द्या आणि तिथेच उचला. उजळ ग्लेझ ओढताना उजेडाकडे. बहुतेकांचे डाग या एका गोष्टीमुळे पडतात. दोन ठोकळ्यांच्या सीमेवर मधली छटा अशी पुन्हा पुन्हा फिरवा, प्रत्येक वेळी पूर्ण वाळू देऊन. घाई असेल तर हेअर ड्रायर, पण लांबून.

ब्रश १ किंवा २ नंबरचा, टोक शाबूत असलेला. तीन शून्यांचा ब्रश हा गैरसमज आहे: त्यात रंग इतका कमी मावतो की मूर्तीपर्यंत पोचेस्तोवर तो सुकतो. ओलं पॅलेट मात्र हवंच. बंद डब्यात ओला स्पंज आणि वर बेकिंग पेपर एवढ्यात ते तयार होतं.

सीमा किती मऊ करायच्या हे धातूवर अवलंबून. वापरून जुनं झालेलं पोलाद असेल तर उतार मऊ ठेवा. आरशासारखं चिलखत हवं असेल तर काळ्या-पांढऱ्याच्या एक-दोन सीमा मुद्दाम कडक राहू द्या. पांढरा कंजूषपणे वापरायचा. तो पसरला की धातू जाऊन चिनीमाती येते. उरलेल्या भागात मधल्या छटेपेक्षा गडद जागा जास्त असायला हवी, आणि नवख्यांचं घोडं इथेच अडतं: काळा लावायला हात धजत नाही. मोबाईलवर फोटो काढून रंग घालवा आणि कृष्णधवल चित्र बघा. सगळं एकाच पट्टीतलं राखाडी दिसलं तर अजून काळा हवा.

कडांची रेघ शेवटी. ब्रशच्या टोकाने नाही, बाजूने, कडेवरून अलगद घसरवत. सगळीकडे सारखी नको: सावलीतल्या कडेला तिसरी छटा, उजेडातल्या कडेला चौथी, आणि दोन कडा जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर पांढरा ठिपका.

सोनं

सोन्यात एक गोष्ट पोलादापेक्षा वेगळी आहे. सोनं निळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून त्याची चकाकीसुद्धा पिवळी असते. पिवळ्या प्लॅस्टिकवरची चकाकी दिव्याच्या रंगाची, म्हणजे पांढरी. तपकिरीवरून पिवळ्यावर आणि तिथून थेट पांढऱ्यावर उडी मारली की सोन्याचं प्लॅस्टिक होतं ते यामुळेच. सगळा प्रवास पिवळ्यातून आणि मग हस्तिदंतीतून व्हायला हवा. शुद्ध पांढरा फक्त सुईच्या टोकाएवढा.

माझा क्रम: सिटाडेलचा ऱ्हायनॉक्स हाइड सावलीला, मूर्नफँग ब्राउन त्याच्यावर, मग अ‍ॅव्हरलँड सनसेट, पुढे व्हॅलेहोचा आइस यलो, आणि आयव्हरी. दुसऱ्या कंपनीचे रंग असतील तर गडद तपकिरी, तांबूस तपकिरी, गेरूसारखा पिवळा, फिका पिवळा, हस्तिदंती असं समजा. सगळ्यात खोल सावलीत जांभळ्याचा एक पातळ ग्लेझ ओढा. पिवळ्याच्या विरुद्ध तो रंग असल्याने सोनं लगेच उष्ण दिसतं. तांब्याला हीच रीत, फक्त पिवळ्याच्या जागी नारिंगी आणि शेवटी त्वचेसारखा फिका गुलाबी.

आजूबाजूचं जग

धातूत शेजारचा रंग उतरतो. शिलेदाराचा झगा लाल असेल तर त्याच्याकडे तोंड असलेल्या पत्र्याच्या सावलीत लालाचा अगदी पातळ ग्लेझ द्या. तळावर गवत असेल तर पिंडरीच्या कवचाच्या खालच्या चंद्रकोरीत थोडा हिरवा. बघणाऱ्याला हे वेगळं जाणवत नाही, पण मूर्ती आणि तिचा तळ एकाच ठिकाणचे वाटायला लागतात.

हेच टोकाला नेलं की आकाश-जमीन पद्धत होते: पत्र्याच्या वरच्या टोकाला गडद निळा, खाली येताना फिका होत क्षितिजापाशी पांढरा, तिथे कडक सीमा, तिच्याखाली लगेच गडद तपकिरी, आणि तळाकडे तो वाळूसारखा उजळत जातो. आरशासारख्या पात्यावर ही झकास दिसते. सगळ्या चिलखतावर केली की डोळे शिणतात, निदान माझे.

ओरखडे हवे असतील तर आधी गडद बारीक रेघ, तिच्या लगोलग खाली तेवढीच उजळ रेघ. दोन्ही मिळून खोबण दिसते. नुसती काळी रेघ म्हणजे पेनाने काढलेली वाटते. गंज सांध्यांत आणि रिव्हेटभोवती, पाणी साचेल तिथे.

शेवटी मॅट व्हार्निश, आणि मॅटच. ग्लॉस मारलं की खोलीतल्या दिव्याची खरी चकाकी तुम्ही रंगवलेल्या चकाकीशी भांडू लागते. दमट हवेत फवारू नका, गडद भागांवर पांढुरकी झाक येते आणि इतका जपलेला काळा जातो. व्हार्निशनंतर शेवटचे पांढरे ठिपके थोडे मंदावतात. तेवढेच ब्रशने पुन्हा टिंबून घ्या आणि त्यांच्यावर परत फवारू नका.