क्रेडिट कार्डाचा व्याजदर वाढल्याची सूचना आली, तर हाताशी असलेल्या महिन्यात काय करावे

बँकेची सूचना एसएमएसने आलेली असो वा ईमेलने, ती आधी जपून ठेवावी आणि सूचनेची तारीख, जुना दर, नवा दर व तो लागू होण्याचा दिवस वहीत टिपून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांनुसार शुल्कांतील बदल मागील तारखेपासून लागू करता येत नाहीत आणि त्यांची सूचना किमान एक महिना आधी द्यावी लागते. तयारीसाठी मिळतो तो हाच महिना. दराला कायद्याने कमाल मर्यादा असेल, या आशेवर तो वाया घालवू नये. वार्षिक 30 टक्क्यांची मर्यादा मानणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला आहे. वाढ सर्व ग्राहकांसाठी आहे की आपला एखादा भरणा चुकल्यामुळे केवळ आपल्यासाठी, हे बँकेला लेखी विचारावे, कारण काही बँकांच्या अटींत थकबाकीदारासाठी वेगळा, चढा दर असतो.

त्यानंतर मागील बिले काढून बसावे. जो दर महिन्याला संपूर्ण बिल मुदतीत भरतो आणि कार्डावर रोख रक्कम काढत नाही, त्याला या वाढीची झळ लागत नाही. थकबाकी पुढे ओढणाऱ्याने मात्र हिशेब स्वतः मांडावा, कारण दरमहा साडेतीन टक्क्यांऐवजी पावणेचार टक्के ही वाढ वाचताना किरकोळ वाटते. समजा थकबाकी 60,000 रुपये आहे आणि आपण महिन्याला 3,000 रुपये भरतो. जुन्या दराने महिन्याचे व्याज 2,100 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 378 रुपये, म्हणजे मुद्दलातून 522 रुपये फिटत होते. नव्या दराने व्याज 2,250 आणि जीएसटी 405 रुपये होऊन मुद्दलाच्या वाट्याला जेमतेम 345 रुपये उरतात. भरणा तेवढाच राहतो, पण कर्ज फिटण्याचा वेग एक तृतीयांशाने घटतो, आणि म्हणूनच बिलावरील ‘किमान देय रक्कम’ हा आकडा भरणा ठरवताना प्रमाण मानू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

थकबाकी असेपर्यंत त्या कार्डावर नवी खरेदी थांबवावी. मागचे बिल पूर्ण फेडलेले नसेल तर बिनव्याजी मुदत मिळत नाही आणि नव्या खरेदीवरही व्याज चढू लागते. मग थकबाकी स्वस्त कर्जात वळवण्याचे मार्ग तपासावेत. मुदत ठेवीवरचे कर्ज, सोनेतारण किंवा नोकरीच्या ठिकाणची पगारदार पतसंस्था यांचे दर सहसा कार्डापेक्षा पुष्कळ कमी असतात, आणि माझ्या मते ज्याची ठेव आहे त्याने पहिला विचार तिचाच करावा. बँकेने थकबाकी मासिक हप्त्यांत बदलून देण्याची किंवा दुसऱ्या बँकेने ती आपल्या कार्डावर घेण्याची तयारी दाखवली, तर प्रक्रिया शुल्क, त्यावरील जीएसटी आणि सवलतीची मुदत संपल्यानंतरचा दर लेखी मागवून एकूण किती पैसे जातील याची बेरीज करावी.

कार्ड बंद करायचे ठरल्यास त्याला जोडलेली वीजबिले, विम्याचे हप्ते आणि वर्गण्या आधी दुसरीकडे वळवाव्यात. शुल्कांतील बदल गैरसोयीचा वाटल्यास सर्व देणी चुकवून, वेगळा आकार न देता कार्ड परत करण्याची मुभा त्याच निर्देशांत आहे. विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झाले नाही आणि थकबाकी शून्य असेल, तर बँकेला दर दिवसामागे 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. त्यामुळे विनंती लेखी करून पोच घ्यावी. सूचनेविना दर वाढवला असेल तर बँकेकडे तक्रार नोंदवावी आणि 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक वाटले नाही, तर सर्व कागदपत्रांसह रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जावे. त्या तक्रारीसाठी शुल्क लागत नाही.