काशाची वाटी आणि हलका हात

माझा धाकटा भाऊ तालमीत वाढलेला. आमचा मुलगा बंगळूरच्या कंपनीचं काम शहापुरातल्या घरी बसून करतो, रात्री अकराला लॅपटॉप मिटतो आणि मग दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडतो. मामाने त्याला बघितलं आणि म्हणाला, "आण इकडं, मालिश करतो." पैलवानी हात तो! मान अशी रगडली की पोरगं दोन दिवस वळून बघायचं तर अख्खं अंग वळवायचं.

कुस्तीचं अंग वेगळं आणि दिवसभर खुर्चीत बसून आखडलेलं अंग वेगळं. डोकं शिणलेल्या माणसाला जोर नको, संथ हात पाहिजे. तेव्हापासून मी त्याचे तळवे चोळायला आईची काशाची वाटी काढली.

कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण 78 ला 22. बाजारात वाटी घेताना बोटाच्या टोकावर तोलून चमच्याने वाजवा, नाद रेंगाळला पाहिजे. बूड गुळगुळीत आहे ना तेही बघा. पायाला लावायची वाटी जेवणाच्या भांड्यांत ठेवू नका.

तेल थंडी-पावसात तिळाचं, उन्हाळ्यात खोबरेल. गॅसवर तापवू नका. दोन-तीन चमचे छोट्या वाटीत घ्या आणि ती कढत पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब सोसला म्हणजे झालं. जेवण होऊन दीड-दोन तास तरी गेलेले असू देत. अजीर्ण असताना तेल लावू नये हे आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट यानेही सांगून ठेवलंय, आणि डोकं, कान, पाय यांना मात्र विशेष लावावं म्हणून.

पाय कोमट पाण्याने धुवून कोरडे करायचे. मुलगा खाटेवर, मी पाटावर, मांडीवर जुना टॉवेल. मोबाईल स्वयंपाकघरात ठेवायला लावते, तो अजून कुरकुरतो. आधी नुसत्या हाताने तेल जिरवायचं: घोट्याभोवती गोल, बोटांच्या बेचक्यांतून, टाचेच्या कडेने. मग वाटी पालथी न करता तिचं बूड तळव्यावर टेकवायचं आणि टाचेकडून बोटांकडे गोल गोल फिरवत न्यायचं. दाबायचं नाही, वाटीचं वजन आणि वर थोडासा हात, बस. ती अडखळायला लागली की तेल कमी पडलं समजा. एका पायाला दहा मिनिटं. शेजारच्या अक्कांना करते तेव्हा त्या पाचव्या मिनिटालाच कानडीत "साकु री", म्हणजे पुरे हो, म्हणतात, पण पाय काही मागे घेत नाहीत.

तळवे काळे-करडे होतात. बायका म्हणतात, अंगातली उष्णता निघाली. मला नाही पटत. वाटीचं कासं घासलं जाऊन तेला-घामात काळवंडतं ते. म्हणून काळं निघालं नाही तर हिरमुसू नका, झोप लागली ना?

मग डोकं. टाळूवर तेल सोडायचं, नखं न लावता बोटांच्या पेरांनी कातडी हलेल असं फिरवायचं, कानामागून मानेवर, मानेवरून खांद्यांकडे उतरत. गळ्याच्या बाजूंना दाब द्यायचा नाही. आणि सलूनमध्ये मान कडकन मोडून देतात ते तर अजिबात नको, मेंदूकडे जाणारी शीर दुखावू शकते.

ताप असेल, पायाला जखम असेल तर थांबा. एकच पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली असेल तर चोळूच नका, आधी डॉक्टरांकडे जा, रक्ताची गुठळी असू शकते. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाटी लावू नये, घासल्याचं त्या माणसाला कळत नाही. गरोदर बाईनेही विचारूनच.

शेवटी बेसन लावून पाय पुसा आणि मोजे घाला. आमचे हे एकदा तसेच उठले आणि फरशीवर घसरले. कंबर वाचली, तांब्या फुटका झाला. आषाढात तेलकट टॉवेल वाळता वाळत नाहीत आणि खवट वास धरतात, म्हणून लगेच कढत पाणी आणि सोड्यात भिजत टाका, उद्यावर ठेवू नका.