परदेशी नोकरीचा निर्णय आणि पाडव्यापर्यंतची तयारी

आमच्या यवतमाळकडे शेताचा ठेका आणि सालदाराचा, म्हणजे वर्षभराच्या शेतगड्याचा, करार गुढीपाडव्याला ठरतो आणि आखातातील भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळाही साधारण एप्रिलमध्येच सुरू होतात. म्हणून बायकामुलांसह परदेशी निघालेल्या शेतकरी कुटुंबाने हाती आलेल्या नोकरीच्या पत्रांचा निर्णय डिसेंबरअखेर करावा आणि उरलेले तीन महिने कागदपत्रांना व घरच्या व्यवस्थेला द्यावेत, असे मी ओळखीच्या प्रत्येक घराला आग्रहाने सांगतो.

दोन पत्रे समोर आली की एकूण पगाराकडे नंतर पाहावे. आधी मूळ पगार, म्हणजे भत्ते वगळून उरणारा पगार, पाहावा. समजा, दुबईच्या एका पत्रात एकूण 6,000 दिरहम असून मूळ पगार 2,500 आहे आणि दुसऱ्यात एकूण 5,500 असून मूळ पगार 4,000 आहे. तिथल्या कायद्यानुसार नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते, म्हणजे पाच वर्षांनी पहिल्या नोकरीत 8,750 आणि दुसरीत 14,000 दिरहम हाती येतील. त्यानंतर घरभाडे, मुलांची फी, गावी येण्याजाण्याचे तिकीट आणि कुटुंबाचा आरोग्य विमा यांपैकी मालक काय देतो ते लेखी विचारावे. कुटुंबाला तिथे नेण्यासाठी किमान 4,000 दिरहम, किंवा राहण्याची सोय असल्यास 3,000 दिरहम पगार लागतो. त्याहून कमी पगाराची नोकरी म्हणजे एकट्याने जाण्याची नोकरी, आणि तो निर्णय नवरा-बायकोने एकत्र बसून वेगळा घ्यावा. जर्मनीचे पत्र असेल तर हिशेब उलटा होतो: पगारातून कर व विम्याचे हप्ते बरेच कापले जातात, पण सरकारी शाळेला फी नसते आणि सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार व मुले वेगळ्या हप्त्याशिवाय येतात. त्यामुळे पगाराची नव्हे, तर महिनाअखेर उरणाऱ्या रकमेची तुलना करावी.

एजंटमार्फत जात असाल तर त्याचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावा. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच शुल्क घेता येते, आणि त्याची पावती मागणे हा आपला हक्क आहे. याहून अधिक रकमेसाठी सावकाराकडे जाण्याची वेळ आली तर ती नोकरी तिथेच सोडावी. पर्यटन व्हिसावर पाठवून नंतर कामाचा व्हिसा करून देतो म्हणणाऱ्याला नकार द्यावा. दहावी न झालेल्या माणसाला आखातात नोकरीसाठी जाताना उत्प्रवासन मंजुरी, म्हणजे परदेशी कामाला जाण्याची सरकारी परवानगी, लागते आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा 10 लाखांचा विमाही काढावा लागतो.

कागदपत्रांत आपल्याकडची खरी अडचण नावांची असते. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, आणि बायकोच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव. गावात याने कोणाचे अडत नाही, पण दूतावासात अडते. माझ्या स्वतःच्या दाखल्यावर वडिलांच्या नावातील एक अक्षर वेगळे होते आणि त्यापायी दोन महिने गेले. म्हणून सर्वांची सर्व कागदपत्रे एका खाटेवर मांडून नावे व जन्मतारखा अक्षरशः जुळवाव्यात, विवाहाची नोंद झालेली नसल्यास ग्रामपंचायतीत करून घ्यावी, मुलांचे जन्मदाखले इंग्रजीतही असलेले घ्यावेत आणि त्यानंतरच पासपोर्टचा अर्ज भरावा. संयुक्त अरब अमिरातीसाठी प्रमाणपत्रे आधी राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी त्यांच्या दूतावासाकडून साक्षांकित व्हावी लागतात. ओमानला परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का, चालतो.

आता वावराचे. विदर्भासाठी 1958 चा स्वतंत्र कुळवहिवाट कायदा, म्हणजे दुसऱ्याचे शेत कसणाऱ्या कुळाच्या हक्कांचा कायदा, आहे, त्यामुळे भावकीतला माणूस असला तरी तोंडी ठेक्यावर शेत सोपवून निघू नये; मुदत लिहिलेला करार वकिलाकडून तपासून घ्यावा. ई-पीक पाहणी शेतात उभे राहून मोबाइलवरून करावी लागते आणि सातबाऱ्यावर कापसाची नोंद नसेल तर हमीभावाने विक्री अडते, म्हणून हे काम कोण करणार ते नावानिशी ठरवावे. अनिवासी भारतीयाला आपली जुनी शेतजमीन ठेवता येते, पण नवी विकत घेता येत नाही. बाजूचे वावर घ्यायचे मनात असेल तर तो व्यवहार जाण्याआधीच उरकावा. पीककर्ज फेडून बँकेला पत्ता कळवावा आणि बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे इथले रुपयांतले खाते, करून घ्यावे.

आई-वडिलांच्या औषधांची यादी, दवाखान्यात नेणाऱ्या माणसाचा फोन आणि त्यांच्या नावावरचे स्वतंत्र पैसे या तीन गोष्टी निघण्याच्या किमान महिनाभर आधी सुरू करून पाहाव्यात. त्या महिन्यात आपण मध्ये पडू नये. औषध वेळेवर आणले गेले नाही, किंवा बँकेतून पैसे काढताना आईला अंगठ्याचा ठसा जुळत नाही म्हणून परत यावे लागले, तर ते आपण गावात असतानाच कळते आणि दुरुस्त करता येते.