आधी उघाडी, मग बाजारचौक: फ्रीडरिखश्टाट कसं पाहावं

हॅम्बुर्गला मुलाकडे आलेल्या आईवडिलांना एका दिवसासाठी कुठे पाठवावं असं कुणी विचारलं, की मी फ्रीडरिखश्टाट सांगतो. उत्तर जर्मनीतलं, अडीच हजारांच्या आसपास वस्तीचं, चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेलं गाव. मीही असाच मुलाकडे आलेला बाप. नोकरी सगळी रायगडात खारभूमीच्या बांधांवर गेली, त्यामुळे नवं गाव दिसलं की पाणी कुठून येतं नि कुठे जातं हे आधी बघायची खोड लागलेली. बहुतेक पर्यटक इथे बाजारचौकापासून सुरुवात करतात, फोटो काढतात, केक खातात आणि ‘छोटं ॲमस्टरडॅम’ पाहिलं म्हणून परततात. तुम्ही दुसऱ्या टोकाकडून सुरू करा.

हॅम्बुर्गच्या आल्टोना स्टेशनवरून वेस्टरलांडकडे जाणारी रिजनल गाडी धरा. दोनेक तास लागतात. डॉइचलांड-टिकट, म्हणजे देशभराच्या लोकल-रिजनल गाड्यांचा मासिक पास असेल तर वेगळं तिकीट काढायचं नाही. इत्सेहोऽ सोडलं की झोपू नका. होखडॉन इथे गाडी कील कालव्यावरून जाते. खालून मोठी जहाजं जावीत म्हणून तो पूल पाण्यापासून ४२ मीटर उंच ठेवलाय. हा कालवा १८९५ सालचा, आणि आपल्या गावाशी त्याचा संबंध आहे, तो पुढे येईल.

निघण्यापूर्वी मोबाइलवर नकाशा आणि आयडर नदीच्या भरती-ओहोटीची वेळ, दोन्ही बघून ठेवा. नकाशात उत्तरेला ट्रेने नदी दिसेल, दक्षिणेला आयडर. पश्चिमेला वेस्टरझीलत्सुग आणि पूर्वेला ओस्टरझीलत्सुग हे दोन कालवे त्या नद्यांना जोडतात. गावाच्या पोटातून मिटेलबुर्गग्राबेन जातो. एवढं डोक्यात बसलं की रस्ता चुकायचा प्रश्न नाही, कारण रस्तेसुद्धा काटकोनात आखलेले आहेत.

ओहोटीच्या सुमारास पोचा आणि थेट आयडरच्या बांधावर जा. नदीच्या बाजूला ओल्या चिखलाचा चकचकीत पट्टा दिसेल, भरतीचं पाणी कुठवर चढलं होतं ते सांगणारा. मग तिथेच मागे वळून गावातला कालवा बघा: पाणी संथ, काठ गवताचे, चिखलाचा पट्टा नाही. दोन पाण्यांच्या मध्ये दरवाजे आहेत. भरतीला ते बंद राहतात, ओहोटीला उघडून ट्रेनेचं साठलेलं पाणी आयडरमध्ये सोडतात. पेण-अलिबागकडच्या बांधातली उघाडी हेच काम करते, इथली फक्त थोराड. ट्रेनेच्या तोंडाशी बांध घालून हे दरवाजे पहिल्यांदा बसवले ते १५७० मध्ये. गाव वसलं १६२१ मध्ये. म्हणजे आधी पन्नास वर्षं पाणी अडवलं, आणि मग घरं आली. हा क्रम बांधावर उभं राहूनच पटतो, म्हणून इथे घाई करू नका.

घरं बांधणारे डच होते. हॉलंडमध्ये प्रॉटेस्टंटांमध्येच दैव मोठं की माणसाची इच्छा, यावर कडाक्याचं भांडण झालं. १६१८-१९ च्या डॉर्ड्रेख्तच्या धर्मसभेत माणसाच्या इच्छेची बाजू घेणारे रेमॉन्स्ट्रंट पंथाचे लोक हरले आणि त्यांना देश सोडावा लागला. या मुलखाचा धनी, गॉटॉर्फचा ड्यूक फ्रीडरिख तिसरा याला व्यापारी बंदर हवं होतं. डचांकडे भांडवल होतं आणि दलदलीत शहर उभं करायचा हातखंडाही. त्यानं जमीन दिली, धर्मस्वातंत्र्य दिलं, गावाला स्वतःचं नाव दिलं. पण १६२५ मध्ये या पंथाचा विरोधक, हॉलंडचा राजपुत्र मॉरिस वारला, तिकडचं वातावरण निवळलं आणि बरेच जण मायदेशी परतले. ॲमस्टरडॅमला टक्कर देणारं बंदर व्हायचं ते राहूनच गेलं.

याच ड्यूकचा आणखी एक बेत आपल्या लोकांना सांगण्यासारखा आहे. इराणचं रेशीम रशियामार्गे आपल्या मुलखात आणायचं, म्हणून त्यानं १६३० च्या दशकात मॉस्को आणि इस्फहानला वकिलात पाठवली. व्यापार काही जमला नाही. परतल्यावर मोहिमेच्या एका प्रमुखाचं, ओटो ब्रूगेमानचं, १६४० मध्ये डोकं उडवलं. पण त्या तांड्यातला मांडेल्स्लो नावाचा तरुण इस्फहानहून वेगळा निघाला, सुरत, अहमदाबाद, आग्रा बघून १६३९ च्या सुरुवातीला गोव्यात पोचला आणि प्रवासवर्णन मागे ठेवून गेला. या चिमुकल्या गावाच्या धन्याचा माणूस मांडवीच्या काठी उभा राहून गेलाय! मी सोबतच्यांना हे बाजारचौकात सांगतो, नाहीतर ते नुसते केकच्या काचेकडे बघत बसतात.

आता बाजारचौक. पश्चिमेकडची पायऱ्यांच्या माथ्याची डच घरांची रांग सगळे बघतातच. तुम्ही दारांवर बघा. घरांना नंबर नव्हते तेव्हा ओळखीसाठी दगडात चिन्हं कोरून बसवत: फूल, झाड, प्राणी असं काहीबाही. मुलं बरोबर असतील तर त्यांना चिन्हं शोधायला लावा, तासभर तरी कुरकुर होत नाही. चौकालगतचा दगडी पूल ओलांडला की मिटेलबुर्गवालवर ‘आल्टे म्युन्त्से’, म्हणजे जुनी टांकसाळ. १६२६ ची सुबक विटांची इमारत, नाणं मात्र इथे एकही पडलं नाही. गावातलं संग्रहालय इथेच आहे आणि मागच्या बाजूला मेनोनाइट पंथाचं प्रार्थनागृह.

चर्चची यादी पाठ करायची गरज नाही. रेमॉन्स्ट्रंटांचं तेवढं चुकवू नका, त्या पंथाची जर्मनीत एवढी एकच मंडळी आहे. वास्तू मात्र मूळची नाही. १८५० च्या शरदात गाव डेन्मार्कच्या सैन्याच्या ताब्यात होतं, ते सोडवायला इथल्याच श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांताच्या सैन्यानं तोफा लावल्या. गाव सुटलं नाही, शंभराहून अधिक घरं आणि हे चर्च तेवढं गेलं. आजचं १८५४ चं. ल्यूथरपंथी सेंट क्रिस्टोफोरसमध्ये रेम्ब्रांटचा शिष्य मानला जाणारा चित्रकार युर्गन ओव्हेन्स याचं १६७५ चं वेदीचित्र आहे, दार उघडं असेल तर जरूर आत जा.

बिनेनहाफेन, म्हणजे आतल्या बंदराजवळच्या सिनेगॉगला (ज्यूंच्या प्रार्थनागृहाला) मात्र वेळ ठेवा. १६७५ पासून इथे ज्यू राहत होते आणि एके काळी त्यांची वस्ती या भागातल्या मोठ्या वस्त्यांमध्ये गणली जायची. १९३८ च्या नोव्हेंबरात नाझींनी सिनेगॉगची मोडतोड केली. आता तिथे स्मृतिस्थळ आहे आणि कार्यक्रमही होतात. ‘सर्वधर्मसमभावाचं गाव’ असं माहितीपत्रकात वाचलंत की हेही पाहून घ्या.

नावेत बसणार असाल तर पायडलबोटीपेक्षा मोठी फेरीनाव बरी, माहिती सांगतात. भाषण जर्मनमध्ये असतं, पण पूल आला की डोकं खाली घालायचं एवढं खुणेनंही कळतं. उंच माणसांनी कडेला बसू नये. जेवणात मासे भरलेला पाव मिळतो. आमची सौ. शाकाहारी आहे, ती कॉफी-केकवर भागवते. डब्यात धपाटे घेतले तर कालव्याकाठी बाक भरपूर आहेत.

राहिला होखडॉनचा कालवा. १७८४ मध्ये आयडरला कीलच्या खाडीशी जोडणारा कालवा झाला होता, त्यामुळे बाल्टिककडची जहाजं या नदीनं ये-जा करायची. १८९५ चा नवा कालवा दक्षिणेकडून थेट एल्बेला मिळाला आणि जहाजांनी आयडर सोडली. बंदराचं मोठं स्वप्न पुन्हा एकदा बारगळलं. जुनी घरं टिकली त्याचं एक कारण हेच असावं, असं आपलं मला वाटतं.

गाडी असेल तर परतताना ट्योनिंगवरून आयडरच्या मुखाशी जा. १९६२ च्या वादळानंतर समुद्राचं उधाण अडवायला बांधलेला अडसर १९७३ मध्ये सुरू झाला, ४० मीटर रुंदीचे पाच गाळे आणि त्यांना वक्र दरवाजे. वर चालत जाता येतं, पार्किंग आहे. वारा भयंकर असतो, मफलर आणि कानटोपी जुलैतही न्या.