शाळा नको म्हणणाऱ्या पोरांसोबत आठवड्याच्या दोन संध्याकाळी

मी सांगली जिल्ह्यातल्या तासगावात पतसंस्थेत कारकून. मंगळवारी आणि शुक्रवारी काउंटर बंद झाला की शाळेनं नावं दिलेल्या पोरांना भेटते. पेट्रोलपुरते पैसे सुटतात. तुम्हालाही हे करायचं असेल तर सुरुवातीला दोन-तीनच पोरं घ्या. पहिल्या वर्षी मी सात घेतली, एकाचीही धड ओळख झाली नाही.

पहिल्या भेटीला वही-पुस्तक नेऊ नका. ‘शाळेत का जात नाहीस?’ हेही नको. गुरुजी, मामा, शेजारी सगळ्यांचं ते विचारून झालेलं असतं आणि ‘कंटाळा येतो’ हे उत्तर तयार असतं. मी कालचा दिवस विचारते. कधी उठलास, कुठं गेलास, सोबत कोण होतं? नववीतल्या एका मुलीचा कालचा दिवस ऐकला तेव्हा कळलं, पोरगी आईबरोबर बेदाण्याच्या शेडवर जाते आणि रात्री घरच्या भाकरी थापते. आमच्याकडं बेदाण्याचा हंगाम आणि परीक्षा एकदमच येतात. तिला कंटाळा कसला, झोप नव्हती. आईला भाषण दिलं नाही. हंगाम संपेपर्यंत ती कोणत्या वारी शेडवर येणार नाही, एवढंच दोघींसमोर ठरवून घेतलं आणि वर्गशिक्षकांना कळवलं.

खानापूर-आटपाडीकडच्या पोरांची तऱ्हा वेगळी. घरातलं कुणीतरी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात परमुलखात असतं. “ताई, मला काकाकडंच जायचंय, दहावी कशाला?” इथं धंद्याला नावं ठेवलीत तर पोरगं परत भेटत नाही, त्याचं घर त्याच पैशावर उभं आहे. मी एकाला विचारलं, 38 ग्रॅमचा दागिना, टंच (शुद्धतेचा टक्का) 91.6, तर शुद्ध सोनं किती? “पस्तीसला जरा कमी.” तोंडी! मग पुस्तकातली शेकडेवारी उघडली. गणिताच्या पेपरात शून्य आणणारं पोरगं हे, पण त्याला तसं कुणी विचारलंच नव्हतं.

दिलेली वेळ मोडू नका. एकदा मार्चअखेरच्या गडबडीत मी गेले नाही, निरोपही दिला नाही. ज्याला वेळ दिली होती तो पोरगा दीड तास स्टँडवर बसून होता म्हणे. पुढचे पाच आठवडे मला बघितलं की सायकल वळवायचा. आता जमणार नसेल तर आदल्या दिवशीच त्याच्या आईच्या फोनवर सांगते.

भेटायचं ते चार लोकांच्या नजरेत: वाचनालय, रसवंतीगृह, गणपतीच्या गोपुरासमोर. बंद खोलीत नको. हातात पैसे देऊ नका. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नका. घरात मारहाण किंवा लग्न ठरल्याचं कळलं तर 1098 ला, मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनला, फोन करावाच लागतो. हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं.

कागदांचं कामही शिकून घ्या, घरचे तिथंच अडतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळतो. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. दहावीला एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे ते विषय मागे ठेवून, अकरावी करता येते, शिवाय त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. शाळा पार सुटलेली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं. आपल्याला मंडळाचा कोल्हापूर विभाग. या फॉर्मची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, दिवाळीनंतर आठवण होऊन उपयोग नाही. आयटीआयचे काही ट्रेड दहावी नापासालाही मिळतात. आणि दाखल्यावरचं नाव आधार कार्डाशी जुळतंय का, ते आधीच बघा. आडनावातल्या एका वेलांटीपायी माझ्या दोन संध्याकाळी तहसीलच्या रांगेत गेल्यात.